शिशाचं कूळ, शिशाचं मूळ

आमच्या नागपूरच्या घरी टीव्हीशेजारी एक दगड ठेवलेला असतो. दिसायला पेरूएवढा, पण नवखा माणूस सहज उचलायला जातो आणि त्याचं मनगट वाकतं. पाण्याच्या साडेसातपट जड. रंग काळसर राखाडी, पैलू चौकोनी, आणि उजेड पडला की पैलू चकाकतात. पाहुणे हमखास विचारतात, "चांदी आहे का हो?" चांदी नाही. गॅलिना आहे, म्हणजे शिसं आणि गंधक. माझा थोरला भाऊ उदयपूरजवळच्या झावरच्या खाणींत बरीच वर्षं भूवैज्ञानिक होता, त्यानं आणलेला.

यंदा मे महिन्यात लेक सुट्टीवर आली. ती दगडांतले समस्थानिक मोजते. आमच्या घरात त्याला आयसोटोपच म्हणतात. कूलरसमोर बसून खरबूज चिरताना ती म्हणाली, "मामा, यातलं चिमूटभर देतोस? कुठला आहे ते बघते."

"कुठला म्हणजे? झावरचा. मोचिया खाण. माझ्या हातानं उचललाय."

"तू सांगतोयस. दगडाला विचारलंय का कुणी?"

तिथून जे सुरू झालं ते रात्रीच्या जेवणापर्यंत पुरलं. बँकेत तीस वर्षं काढल्यामुळे जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू लिहून ठेवायची मला खोड आहे. दोघांचं बोलणं आठवलं तसं उतरवलं आहे.

मामा : नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. त्यात आता शिशाची भर घाल. अगं, खनिज कसं आलं ते खाणीत उभं राहून कळतं. झावरचं शिसं-जस्त डोलोमाइटमध्ये आहे. खडकाला घडी कुठे पडली, तो कुठे तडकला, कुठल्या भेगेत भरणी झाली, सगळं भिंतीवर दिसतं. आम्ही ड्रिलचा कोअर पेट्यांत मांडायचो, पाणी मारून ओला करून बघायचो. पुढचं भोक कुठे घ्यायचं ते त्यावर ठरायचं. आणि खनिज लागायचंही!

भाची : खनिज कुठे आहे, हे झालं. ते आलं कुठून? डोलोमाइटमध्ये येऊन बसायच्या आधी ते शिसं कुठे होतं?

मामा : खालच्या खडकांत असेल.

भाची : कुठल्या खडकांत? किती जुन्या? तिथे किती काळ होतं?

मामानं खरबुजाची मोठी फोड तोंडात टाकली. उत्तर नसलं की तो लहानपणापासून हेच करतो.

भाची : शिशाचे चार आयसोटोप टिकून आहेत : २०४, २०६, २०७ आणि २०८. त्यातलं २०४ पृथ्वीच्या जन्मापासून आहे तितकंच आहे. बाकीच्या तिघांत भर पडत जाते. युरेनियम २३८ क्षय पावत शेवटी शिसं २०६ होतं, युरेनियम २३५ चं २०७ होतं आणि थोरियमचं २०८.

मी : थांब, हे माझ्या खात्यातलं आहे. २०४ म्हणजे मुद्दल आणि बाकीचं व्याज.

भाची : जवळजवळ, आई. फक्त खातं उघडलं त्या दिवशीही २०६, २०७, २०८ थोडे होतेच.

मी : म्हणजे आरंभीची शिल्लक. ती कुठल्या वहीत सापडते?

भाची : उल्केत. ॲरिझोनातल्या कॅन्यन डायब्लो उल्केत लोह आणि गंधकाचं एक खनिज आहे, त्यात युरेनियम नसल्यातच जमा. सौरमालेच्या सुरुवातीला शिसं जसं होतं तसंच ते तिथे राहिलं. क्लेअर पॅटरसननं ते मोजलं आणि १९५६ साली पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं असल्याचं मांडलं. त्याच्या नऊ-दहा वर्षं आधी आर्थर होम्सनं नुसत्या खाणींतल्या शिशावरून हा हिशेब केला होता. त्याचं उत्तर ३३५ कोटींच्या आसपास आलं. कमी पडलं, पण वाट बरोबर होती. त्यानं वापरलेले आकडे आल्फ्रेड नीरचे. नीरनं १९३८ च्या सुमारास वेगवेगळ्या खाणींचं शिसं तपासलं, तर गंमत अशी की अणुभार सगळ्यांचा जवळपास सारखाच, आणि आतलं मिश्रण मात्र ज्याचं त्याचं वेगळं.

मामा : बरं. आणि गॅलिना यात कुठे येतं?

भाची : गरम खारट पाणी खडकांतून फिरताना शिसं धुऊन घेतं. वाटेत गंधक भेटला की गॅलिना होऊन बसतं. गॅलिनात युरेनियमला जागाच नसते, ते मागे राहतं. त्या दिवसापासून व्याज बंद.

मी : खातं गोठलं.

भाची : गोठलं. आणि व्याजाचे दर दोन होते. युरेनियम २३५ दर ७० कोटी वर्षांनी निम्मं होतं, २३८ ला त्यासाठी ४४७ कोटी लागतात. म्हणून २०७ ची वाढ पृथ्वीच्या तरुणपणी भरभर झाली, पुढे मंदावली. दोन्ही शिलका शेजारी ठेवल्या की खातं कधी गोठलं आणि आधी ते कसल्या खडकात होतं, दोन्हींचा अंदाज येतो.

एवढं मला पहिल्यांदा कळलं, ते मी दोनदा वाचून बघितलं. मामाला अर्थातच हे सगळं माहीत होतं. तो योग्य जागेची वाट बघत होता.

मामा : अमेरिकेत मिसूरी राज्यात जॉप्लिन नावाचा शिशा-जस्ताचा मोठा पट्टा आहे. तुझ्या हिशेबानं तिथल्या गॅलिनाचं वय किती येतं, सांग आईला.

भाची : (हसत) उणे.

मी : उणे वय?

मामा : म्हणजे ते खनिज अजून तयार व्हायचं आहे! लोकांनी शंभर वर्षं खणून विकलं, आणि हिशेब म्हणतो ते भविष्यात तयार होणार.

मी : पुढच्या तारखेचा चेक.

मामा : बघ. बँकेतल्या माणसाला लगेच कळलं की असा चेक वटत नाही.

भाची : वटत नाही, पण तो कुणी लिहिला ते कळतं ना? व्याज जास्त दिसतं कारण ते एका खात्यातलं नाहीच. ते खारट पाणी फार लांबून आलं. वाटेत जुने ग्रॅनाइट, त्यांच्या झिजेतून झालेले वाळूचे खडक, अशा युरेनियम धरून बसलेल्या दगडांतलं ताजं शिसं उचलत आलं. वय चुकलं तेव्हाच तर प्रवास कळला. असलं शिसं दिसलं की आजही त्याला जॉप्लिनवरूनच 'जे' प्रकार म्हणतात.

मामा : म्हणजे बरोबर आलं तरी तुम्ही बरोबर, चुकलं तरी बरोबर.

यावर लेक खरंच अडखळली. मला वाटतं, त्या दुपारचा सगळ्यात चांगला टोला तो होता.

भाची : (थोड्या वेळानं) नाही. एकटा आकडा घेऊन बसलं तर तू म्हणतोस तसंच होईल. पण तुझ्याच अरवलीचं घे. मिहिर देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली तिथल्या शिशाचे आकडे छापले. हातात घेतलं तर गॅलिना ते गॅलिना. आकड्यांत मात्र रामपुरा-आगुचा १८० कोटी वर्षांच्या आसपास, झावर १७० आणि दक्षिणेकडचं अंबाजी-देरी शंभर-एकशे दहा कोटींजवळ. एकाच डोंगररांगेत राहणारी, पण वेगळ्या पिढीची माणसं. हे भिंतीकडे बघून कळलं असतं तुला?

मामा : खडकांच्या थरांवरून काही कळलं असतं. (पुन्हा फोड.) सगळं नाही.

भाची : आता याहून भारी ऐक. ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिल आहे. १८८३ साली चार्ल्स रॅस्प नावाच्या कुंपण राखणाऱ्या माणसाला तिथली टेकडी वेगळी वाटली. पुढे जगातल्या सर्वांत मोठ्या शिशा-जस्ताच्या खाणींपैकी एक निघाली. तिथलं शिसं इतकं एकसारखं की इकडून घ्या, तिकडून घ्या, आकडा हलत नाही. २०१४ साली अंटार्क्टिकाच्या सोळा ठिकाणच्या बर्फाच्या कोअरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १८८९ च्या थरात शिशाचं प्रदूषण सुरू होतं, आणि त्यावर छाप ब्रोकन हिलच्या शिशाची. ॲमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोचला १९११ मध्ये. माणसाच्या भट्टीचा धूर त्याच्या बावीस वर्षं आधी पोचला होता.

मामा : (सरसावून) किती जुनं हे ब्रोकन हिल?

भाची : १६९ कोटी.

मामा : आणि माझं झावर १७०! मग दोघांचे आकडेही फार लांब नसणार. उद्या एखाद्या बर्फात असलं शिसं सापडलं तर ते उदयपूरचं की ऑस्ट्रेलियाचं, कशावरून ठरवशील? ब्रोकन हिल तिथे बसतं कारण दुसरा कुणी एवढा धूर त्या बाजूला सोडत नव्हता. ते तुला इतिहासानं सांगितलं, आयसोटोपनं नाही. पोरी, तुझं यंत्र कूळ सांगतं. मूळ नाही सांगत.

भाची गप्प झाली. पण हरल्यासारखी नाही. तिनं मोबाइल काढून ते वाक्य लिहून घेतलं. मी बघितलं.

चहा झाला. मधल्या वेळात मामानं झावरच्या जुन्या भट्ट्यांचं पुराण लावलं; ते आम्ही पुष्कळदा ऐकलंय, तरी मला आवडतं. जस्त ९०७ अंशांवर उकळतं, म्हणजे खनिजातून सुटतानाच त्याची वाफ होते आणि हवेत जळून जाते. झावरच्या लोकांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी केल्या, एकेका भट्टीत छत्तीस, तोंडं खाली करून. वाफ खालच्या थंड भांड्यात उतरायची. वापरून झालेल्या मुशींचे ढीग डोंगरउतारावर आजही आहेत, आणि जुन्या घरांच्या भिंतींत विटांसारख्या त्याच मुशी लावलेल्या आहेत. आणखी जुन्या खाणींतल्या लाकडांची कार्बन-तारीख दोन हजार वर्षांच्या मागे जाते.

भाची : बघ, यातही माझंच काम आहे. वाफ होताना जस्ताचे हलके आयसोटोप आधी उडतात, म्हणून भट्टीतून निघालेलं जस्त मूळ दगडासारखं राहील याची खात्री नाही. शिसं इतकं जड की वितळवा, ओता, पुन्हा वितळवा, प्रमाण हलत नाही म्हणावं इतकंच. म्हणून तर धातूच्या वस्तूवरून खाण शोधायला शिसं धरतात.

मामा : आणि गंधक?

हे त्यानं का विचारलं ते मला नंतर कळलं. त्याला खरंच ऐकायचं होतं.

भाची : गंधकाचं दुसरंच आख्यान. त्याचे ३२ आणि ३४ मोजतात. समुद्राच्या सल्फेटवर जगणारे जिवाणू हलका गंधक आधी उचलतात, त्यामुळे त्यांच्या हातून गेलेला गंधक ओळखू येतो. पुष्कळ ठिकाणी असं दिसतं की गॅलिनातलं शिसं खोलच्या जुन्या खडकाचं आणि गंधक समुद्राच्या पाण्याचा. एकाच दगडात दोन बिऱ्हाडं.

मामा : म्हणजे शिसं घेऊन येणारं पाणी आणि गंधकवालं पाणी जिथे भेटली असतील तिथेच खनिज बसणार.

भाची : हो.

मामा : मग आधी हे सांगायचं ना! हे कामाचं आहे. ही भेटीची जागा नकाशावर काढता येते.

पण एवढ्यावर तो मिटता तर माझा भाऊ कसला. विषय फिरवून त्यानं तो आपल्या अंगणात आणला. नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे संग्रहालयात, आम्ही लहानपणी नाणी बघायला जायचो, तिथून सातवाहन निघाले. सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली. शिसं कुठून आणलं? रोमन लेखक प्लिनी सांगतो की हिंदुस्थानात तांबं नाही आणि शिसंही नाही. तिथले लोक रत्नं आणि मोती देऊन ते घेतात. 'पेरिप्लस' या जुन्या दर्यावर्दी पुस्तकातही भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात तांबं, कथील, शिसं आहे.

मामा : प्लिनी इकडे कधी आला नाही. आगुच्याच्या खाणीतलं लाकूड ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातलं आहे, आणि हा म्हणतो हिंदुस्थानात शिसं नाही! शिवाय सातवाहनांच्या आंध्रातच गुंटूरकडे अग्निगुंडाला आहे, तिथेही शिसं आहे.

भाची : भडोचला शिसं उतरत होतं हेही खरं असेल. भांडायचं कशाला, मोजू या. २०६ ला २०४ नं भागलं तर अरवलीचं जुनं शिसं १६ च्या आसपास येतं. स्पेनच्या खाणींचं, जिथून रोमनांनी भरपूर काढलं, ते १८ च्या वर. एवढी दरी डोळे मिटूनही दिसेल.

मामा : आणि टांकसाळीत दोन्ही एका कढईत पडली तर? १६ आणि १८.६ अर्धं-अर्धं. मधला आकडा १७.३. आता १७.३ ची तिसरीच कुठली तरी खाण तुझ्या वहीत असेल, आणि तू छापशील की नाणं तिथलं. जिथे ना सातवाहन गेले ना रोमन.

भाची : एका नाण्यावर असं छापणारा माझ्या हाताखाली टिकणार नाही. शंभर नाणी दे. मिश्रण असेल तर ती सगळी १६ आणि १८.६ ला जोडणाऱ्या रेषेवर पसरतील, कुणी इकडे, कुणी तिकडे. खरोखर एकाच खाणीची असतील तर एका ठिपक्याभोवती गोळा होतील.

मामा : अग्निगुंडाला मिसळलं की रेष राहत नाही, त्रिकोण होतो.

भाची : गुणोत्तरं तीन आहेत. त्रिकोणही सोडवता येतो.

मामा : आणि जुनी नाणी वितळवून नवी पाडली, ती पुन्हा वितळवली, असं दोनशे वर्षं चाललं, तर सगळं एका ठिपक्यावरच येईल! तेव्हा तुझा ठिपका 'एक खाण' म्हणेल आणि खरं असेल 'सतरा खाणी'.

इथे लेकीनं कबूल केलं की हेच भांडण १९९० च्या दशकात जगभर गाजलं होतं. भूमध्य समुद्राभोवती तांब्याच्या मोठ्या लाद्या सापडतात, बैलाचं कातडं ताणून वाळत घातल्यासारखा आकार. ऑक्सफर्डच्या नोएल गेल आणि झोफिया स्टॉस-गेल यांनी त्यांतल्या शिशावरून सांगितलं की ख्रिस्तपूर्व १४०० नंतरच्या लाद्या सायप्रसच्या आप्लिकी भागातल्या खनिजाशी जुळतात. एवढासाच ठिपका आहे. ब्रॅडफर्डचे पॉल बड आणि सहकारी म्हणाले, ठिपका एवढासा आहे तो धातू पुन्हा पुन्हा एकत्र वितळवल्यामुळे. पानंच्या पानं लिहिली गेली. एकाच आलेखाकडे बघून दोघं दोन गोष्टी वाचत होते.

भाची : माझं मत गेल यांच्या बाजूचं. लाद्या कच्च्या तांब्याच्या होत्या, मोडीच्या नव्हत्या. पण तुझी शंका खोटी नाही.

मामा : आणि वहीचं काय? ज्या खाणीचा नमुना तुमच्याकडे आहे तीच तुम्हाला सापडते. सातवाहनांनी एखादी छोटी शीर मुळापासून खणून संपवली असेल. ती वहीत कशी येणार? पोलिसांसारखं झालं, आधीचा गुन्हा नोंदलेला असेल त्यालाच उचलायचं.

भाची : म्हणून मी "याचंच" असं सहसा म्हणत नाही. "याचं नाही" हे मात्र ठामपणे म्हणते. आकडा १६ आला तर ते स्पेनचं नाही, मग प्लिनी काही म्हणो. आकडा १८.६ आला तर ते अरवलीचं नाही, मग तू काही म्हण.

मामा : आणि माझ्या दगडाला काय म्हणणार?

भाची : तो तर सोपा आहे. झावरचा आहे की नाही, एवढंच.

"आहे," मामा म्हणाला. "गॅलिना बघून मी खाण सांगतो. आयुष्य गेलं."

आता मला बोलणं भाग होतं. चार वर्षांपूर्वी घराला रंग दिला तेव्हा दगड दोन होते. एक झावरचा आणि एक दादानं अंबाजीहून आणलेला, जवळपास तेवढाच. दोन्हींच्या खालच्या चिठ्ठ्या रंगाऱ्यांच्या पाण्यात सुटल्या. त्यातला एक शेजारच्या मुलानं शाळेच्या प्रदर्शनाला नेला, तो परत आला नाही. राहिलेल्याला मी एक चिठ्ठी डकवली. जी आधी हाताला लागली ती.

"तू हे मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस कुठे, दादा?"

लेक हसून हसून सोफ्यावरून घसरली. अंबाजी आणि झावर यांच्यात साठ-सत्तर कोटी वर्षांचा फरक आहे, याहून सोपं काम तिला कधी मिळालं नव्हतं, असं तिनं सांगितलं.

दादा हसला नाही. आत जाऊन त्याचा जुना हँडलेन्स घेऊन आला, खिडकीशी उभा राहिला, दगड फिरवत राहिला. पैलू बघितले, कडेला चिकटलेली पांढरट खपली नखानं टोकरून बघितली. पाचेक मिनिटं गेली. "झावरच," तो म्हणाला, आणि पुन्हा लेन्स डोळ्याला लावला.

मग स्वयंपाकघरातून सुरी मागवली.

"सुरी नको, हातही लावू नकोस," लेक म्हणाली. "आणि वर्तमानपत्र तर मुळीच नको. मला आतला, हवा न लागलेला तुकडा हवा." तिनं पिशवीतून हातमोजे आणि झिपचं छोटं पाकीट काढलं. दादानं दगड स्वच्छ फडक्यात गुंडाळला, ओट्याच्या कडेवर ठेवून बत्त्याचा एकच नेमका घाव घातला. तांदळाच्या दाण्याएवढा घन सुटला, सगळ्या बाजूंनी लखलखीत.

"पाकिटावर काय लिहू? झावर, मोचिया?"

दादानं घामेजलेला चष्मा पुसला.

"नमुना क्रमांक एक," तो म्हणाला.